बाभळीवरून पाडलेली मेंढरं कागदावरून उतरवण्याबाबत

प्रति,
मा. नोंद पडताळणी अधिकारी,
विभागीय कीटक वंशनोंद कक्ष (शिरूर-दौंड),
शिरूर, जि. पुणे.

अर्जदार : अनसाबाई म्हाळू टेळे, धंदा शेती, रा. खुटबाव, ता. दौंड, जि. पुणे.

विषय : हुमणीच्या भुंगेऱ्यांच्या नमुन्यापुढे आपल्या कक्षाने लिहिलेली "मेंढी" ही नोंद काढणे आणि वळीव पडायच्या आत नवा नमुना गोळा करण्यास जावक नंबर देणे.

संदर्भ : १) आपली नोटीस, मेंढ्यांना लस टोचून घेण्याबाबत.
२) आपली नोटीस, मेंढ्या लपवल्याबाबत.
३) आपली नोटीस, मेंढ्या झाडावरून पाडून त्यांच्या मिशा कापल्याबाबत.
४) अर्जदार यांचे कक्षात वारंवार समक्ष येणे. त्याची नोंद आपल्याकडे नाही, एस.टी.ची तिकिटे अर्जदारांकडे आहेत.

महोदय,

अर्जदार अनसाबाई यांना सही येते, एवढे सगळे लिहायला येत नाही, म्हणून त्यांनी सांगितले तसे हे दुसऱ्याच्या हाताने लिहिले आहे. सुरुवातीला "विनंतीपूर्वक सादर" असे घातले होते. वाचून दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "विनंती करून करून जीभ झिजली. खोडा ते." तेव्हा ते खोडले आहे. हकीकत अशी की :

१. अर्जदार यांच्या दारात मेंढी नाही. एकही नाही. सासरे होते तोवर कळप होता, पाठीवर बिऱ्हाड होते, आज या माळावर तर उद्या त्या. पुढे कालव्याचे पाणी आले, रान भिजले, ऊस उभा राहिला आणि चरायला पडीक राहिले नाही. मग अर्जदारांचे पती म्हाळू यांनी शेवटचा कळप बाजारात दिला. देण्याआधी त्याची लोकर कातरली आणि तिची एक घोंगडी विणून घेतली. ही घोंगडी पुढे अर्जात येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवले.

२. कक्षाचे नाव कीटकांचे असले तरी कक्षात हुमणी कुणी पाहिलेली दिसत नाही, म्हणून थोडे तिच्याविषयी. हुमणी ही जमिनीतली पांढरी, वाकडी अळी. ती मुळ्या खाते. ऊस वरून हिरवागार दिसतो आणि हाताने ओढला की गाजरासारखा वर येतो. म्हाळू म्हणतात, "चोर परवडला, त्यो निदान कडी तरी मोडतो." वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून निघतात आणि बाभळीवर, कडुलिंबावर जाऊन बसतात. थोडक्याच संध्याकाळी हा मेळा भरतो. नंतर पुन्हा वर्षभर ते कुणाच्या हाती लागत नाहीत. हे वाक्य साहेबांनी दोनदा वाचावे, कारण सगळी घाई याच्यावरून आहे.

३. अर्जदारांची भाची प्रतिभा, म्हणजे त्यांचे भाऊ शंभू यांची मुलगी, राहणार यवत. ती शिरूरच्या एका कॉलेजात हुमणीवर संशोधन करते. भावकीत हसणे झाले की लोकांच्या पोरी पुण्याला कंपनीत लागल्या आणि शंभूच्या पोरीला हुमणी लागली. पोरगी हसण्यावर गेली नाही. यवतवरून चौफुला, न्हावरा करीत शिरूरला जायचे आणि मांडीवर बर्फाचा थर्माकोलचा डबा धरून बसायचे. कंडक्टरने एकदा विचारले, "ताई, मासळी का?" ती म्हणाली, "न्हाई, मिशा." त्यानंतर त्या सीटवर तिच्या शेजारी कुणी बसले नाही.

४. तिचे काम काय, हे तिने आत्याला भाकरी थापता थापता सांगितले. अर्जदारांना जसे समजले तसे इथे मांडले आहे. साहेब शिकलेले आहेत, त्यांना यात चूक दिसली तर त्यांनी ती लेखी कळवावी.

प्रत्येक जिवाच्या अंगात एक लांबच लांब मजकूर असतो. त्याला जीनोम म्हणतात. अक्षरे सगळी सलग, कुठे शब्द सुटलेला नाही, कुठे ओळ मोडलेली नाही. हुमणीचा हा मजकूर वाचून ठेवलेला आहे. पण त्यातले कामाचे तुकडे, ज्यांना जनुके म्हणतात, ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे कॉम्प्युटरने ठरवले, आणि तेही परदेशातल्या दुसऱ्याच भुंगेऱ्यांचे मजकूर बघून, अंदाजाने. अर्जदारांनी विचारले, "म्हंजी चावडीत बसून पीकपाणी लिवावं तसं? शेजाऱ्याच्या रानात ऊस हाय तर हिच्याबी आसल?" प्रतिभा हसून म्हणाली, "तसंच, आत्या. बरंचसं बरोबर निघतं. जे चुकतं ते कायम चुकीचंच राहतं, कारण सगळे त्याच्यावरनंच पुढचं लिहितात."

आता ती नोंद खरी का खोटी हे बघायला रानात जावे लागते. इथे रान म्हणजे प्रथिने. जनुक ही नोंद, तर प्रथिन हे उभे पीक. पुण्यात एक यंत्र आहे. ते प्रथिनाचे तुकडे केलेले घेते आणि एकेक तुकडा तोलते. त्या वजनावरून तुकड्यातली अक्षरे निघतात. ती अक्षरे मग मजकुराच्या शेजारी लावून बघायची. कॉम्प्युटरने जिथे "पड" लिहिले तिथे तुकडा बसला, की समजायचे इथे पीक आहे आणि नोंद चुकली. एवढे साधे आहे. ज्याला सातबारा कळतो त्याला हे कळायला हरकत नाही.

५. मागच्या वर्षी वळीव झाल्यावर प्रतिभा नमुन्याला खुटबावला आली. रीतसर आली. आपल्याच कक्षाचा जावक नंबर घेऊन आली, कारण त्या नंबराशिवाय पुण्याचे यंत्र नमुना घेत नाही. बांधावरची बाभूळ भुंगेऱ्यांनी काळी पडली होती. प्रतिभाने खाली अंथरायला प्लॅस्टिकचा पांढरा कागद आणला होता. वारा असा सुटला की तो कागद फडफडत शेजारच्या उसात गेला. जो कोपरा हाती राहिला त्यावर पडलेले भुंगेरे घसरून पळायला लागले.

अर्जदारांनी घरातून घोंगडी आणली.

त्यांच्या घरी रीत अशी आहे की मानाचे जे काही येईल ते घोंगडीवर घ्यायचे. पाहुणा घोंगडीवर बसतो, देव घोंगडीवर मांडतात, लग्नाची सुपारी घोंगडीवर फुटते. अर्जदार म्हणाल्या, "माझी भाची पयल्यांदा माझ्या रानात कामाला आली. तिचं काम काय मातीत सांडू?" आणि खरे सांगायचे तर घोंगडीने कामही चोख केले. भुंगेऱ्याच्या पायांना आकडे असतात. लोकरीत ते अडकले की हलत नाहीत. म्हाळूंनी फांदी गदागदा हलवली, भुंगेरे टपटप पडले, दोघी आत्या-भाचींनी ते वेचून डब्यात टाकले. वेचताना पायांबरोबर लोकरीचे धागे आले. दोघींनीही ते बघितले. बर्फाच्या डब्यात लोकर गेली तर त्याचे पुढे काय होते, हे त्या संध्याकाळी एकीला माहीत नव्हते आणि दुसरीला घाईत आठवले नाही.

६. कॉलेजात भुंगेऱ्यांच्या डोक्यावरच्या, वास घ्यायच्या मिशा कापून त्यातली प्रथिने काढली आणि पुण्याला दिली. उत्तर आले. त्यात भुंगेऱ्याची प्रथिने होती. त्यांच्याबरोबर मेंढीच्या लोकरीचे प्रथिनही होते, आणि ते रगड होते. याला केराटिन म्हणतात. केस, लोकर, नख, कातडे यांत ते असते. प्रतिभाच्या सरांनी सांगितले की या धंद्यात हे नेहमीचेच आहे. कुणाच्या स्वेटरमधून येते, कुणाच्या डोक्यातून येते. असले पाहुणे ओळखून बाजूला काढायचे असतात, त्यांची यादी जगभर ठरलेली आहे. प्रतिभाने ते काढले. आणि लबाडी नको म्हणून अहवालात शेरा लिहिला : "नमुना घोंगडीवर गोळा केला. मेंढीच्या लोकरीची प्रथिने आढळली. ती वगळली आहेत."

तिने तो शेरा लिहिला नसता तर आज हा अर्ज नसता. आपल्या राज्यात खरे लिहिणाऱ्याचीच चौकशी होते, हे अर्जदार आता भाचीला सांगतात. भाची ऐकत नाही.

७. पाहुणे वगळल्यावर जे राहिले त्यात तिला तिची गोष्ट सापडली. कॉम्प्युटरने एका जागी शेजारी शेजारी दोन जनुके लिहिली होती, मध्ये बांध घालून. प्रतिभाला प्रथिनाचा एक तुकडा असा मिळाला की त्याचे अर्धे अंग बांधाच्या अलीकडे बसते आणि अर्धे पलीकडे. बाजरीचे एक तास, म्हणजे पेरलेली ओळ, सरळ बांधावरून पलीकडे जात असेल तर बांध कुठे राहिला? नाहीच तो. दोन रानं नाहीत, एकच आहे. आणि हे प्रथिन मिशांतले आहे, वास धरणारे. मादीचा वास भुंगेऱ्याला याच्यामुळे लागत असावा असे ती म्हणते. "असावा" हा शब्द तिचाच आहे, अर्जात तो जशाचा तसा ठेवला आहे.

अर्धेच जनुक खरे धरून जो वासाचा सापळा बेततील तो रिकामाच राहील, हे कळायला मिशा लागत नाहीत. अर्जदारांच्या रानात जुन्या नोंदीवरून केलेला एक सापळा लावून बघितला होता. त्यात एक पाल आली. म्हाळू तिला रोज विचारायचे, "काय बाई, वास कसा हाय?"

पण प्रतिभाचे सर म्हणाले, एक तुकडा हा एकच साक्षीदार झाला. स्वच्छ नमुन्यात हाच तुकडा दुसऱ्यांदा दाखव, मग हुमणीच्या नोंदीतला तो बांध आपण जगासमोर मोडू. तिची शिष्यवृत्ती याच पावसाळ्यात संपते. म्हणजे तिच्या हातात या वर्षीचा वळीव आहे, आणि तेवढाच आहे.

८. आता कक्षाचे कर्तृत्व.

अहवाल आपल्याकडे नोंदीला आला. आपल्या कॉम्प्युटरात "प्रजाती" असा एक रकाना आहे. ज्या जिवाचे तुकडे जास्त त्याचे नाव त्या रकान्यात आपोआप येते. नाव आले "मेंढी (देशी)". माणसाने तिथे एवढेच करायचे होते की शेरा वाचायचा. माणसाने बटण दाबले. तेव्हापासून अर्जदारांच्या रानातला भुंगेरा शासनदरबारी मेंढी आहे.

पहिली नोटीस आली की मेंढ्यांना लस टोचून घ्या. मागोमाग गाडी आली, त्यात सुया घेऊन दोघे जण. त्यांनी मेंढ्या मागितल्या. म्हाळू म्हणाले, "साहेब, तुम्ही चुकून आलाय." ते म्हणाले, "आबा, कागदावर हायेत. कागद कसा चुकंल?" शेवटी म्हाळू वैतागले. कुदळ घेऊन त्यांनी उसाच्या मुळाशी एक खड्डा काढला, हातावर हुमणी घेतली आणि पुढे धरली. "घ्या. टोचा हिला." एकाने सुई काढली होती, हे अर्जदारांनी डोळ्यांनी बघितले. दुसऱ्याने त्याचा हात धरला.

९. मेंढ्या दिसल्या नाहीत म्हणून दुसरी नोटीस आली : मेंढ्या लपवल्या. खुलासा करा. अर्जदार शिरूरला आल्या. कक्षातल्या पूनम मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, हे मुद्दाम नमूद करतो, कारण त्या इमारतीत माणुसकीची नोंद घ्यावी असे आणखी काही मिळाले नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, मला पटतंय हो. पण सिस्टिममध्ये मेंढी एकदा आत गेली की बाहेर काढायचं बटणच नाहीये. फक्त वाढवता येतात."

१०. तिसऱ्या नोटिशीने कहर केला. नमुन्याच्या कागदावर प्रतिभाने पद्धत लिहिली होती : "दिवस मावळताना बाभळीची फांदी हलवून खाली पाडले. बर्फात टाकले. नंतर मिशा कापल्या." कक्षाने ही पद्धत आणि ती प्रजाती शेजारी शेजारी ठेवली. जे निघाले ते असे की अर्जदार व त्यांचे पती यांनी मेंढ्या बाभळीवर चढवल्या, फांदी हलवून खाली पाडल्या, जिवंत बर्फात घातल्या आणि त्यांच्या मिशा कापल्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याबद्दल कारवाई का करू नये?

महोदय, ही नोटीस टाइप करणाऱ्याने केली, तपासणाऱ्याने तपासली, आपण सही केली, शिपायाने पाकिटात घातली. एवढ्या हातांतून जाताना एकालाही वाटले नाही का, की मेंढी बाभळीवर चढते कशी? बाभळीला काटे असतात, हे तरी कुणाला माहीत होते का? गावात नोटीस वाचली गेली तेव्हा पारावर लोक हसून आडवे झाले. आता म्हाळू कुठून आले की पोरेटोरे सोडा, म्हातारे विचारतात, "आप्पा, उतरली का वो खाली?" ज्या माणसाने कळप विकल्यावर महिनाभर रिकाम्या मेंढवाड्याकडे तोंड केले नाही, त्याला मेंढरांच्या छळाची नोटीस. म्हाळू यावर काही बोलत नाहीत. पूर्वी जेवताना बोलायचे, आता तेही बोलत नाहीत. अर्जदारांचा खरा राग इथे आहे, तो साहेबांनी ओळखावा.

११. यानंतर अर्जदार प्रतिभाला घेऊन आपल्यासमोर आल्या. आपण बसा म्हणाला नाहीत. आपण जे म्हणालात ते मात्र विचार करण्यासारखे होते, म्हणून लिहितो. आपण म्हणालात, "तुम्हीच सांगता ना, प्रथिन सापडलं म्हणजे तिथं पीक उभं आहे? मग मेंढीचं प्रथिन सापडलं. मेंढी उभी आहे. तुमच्याच न्यायानं."

अर्जदारांना वाटले, साहेबांनी धरलेच आपल्याला. बोलली ती प्रतिभा. "सर, प्रथिन सापडलं म्हणजे ते नमुन्यात होतं, एवढंच खरं. ते कुठून आलं हे माणसानं बघायचं असतं. रानात उसाचं पाचट वाऱ्यानं आलं म्हणून कुणी ऊस लिहीत नाही. हुमणीच्या मजकुरात मेंढीचा तुकडा कुठंच बसत नाही, लावून बघा. माझा तो तुकडा बसतो. फरक एवढाच आहे. आणि त्या नमुन्यात माझ्या हाताच्या कातड्याचंही प्रथिन होतं. मग मी पण भुंगेरा का?"

आपण चष्मा वर केलात, स्क्रीन बघितली आणि म्हणालात, "हो की. सहप्रजाती मानव. हे राहिलंच होतं."

आणि तिथेच दुसरी नोंद झाली. "सदर मानव कोण व कुठल्या अवस्थेत" याचा खुलासा मागवण्यात आला. प्रतिभा म्हणाली, "सर, मी. ही काय, उभी आहे." आपण म्हणालात की असे तोंडी चालत नाही, हयातीचा दाखला आणा. अर्जदारांना हसावे की कपाळ बडवावे ते कळेना. पोरगी दाखला घेऊन आली. त्याची प्रत सोबत आहे. शिरूर-दौंड विभागात बहुधा ही एकच संशोधक असेल जिने आपण किडा नाही आणि मेलेलीही नाही, हे दोन्ही सिद्ध केले आहे.

१२. शेवटी आपण मार्ग सुचवलात. आपल्या मते तो सोपा होता. घोंगडी कक्षात जमा करा, ती जाळून नष्ट करू. आणि नमुना मुळातच खराब होता, त्यातले काहीच धरू नये, असे लिहून द्या. मग मेंढीची नोंद आपोआप रद्द होईल.

अर्जदार दुसऱ्याच दिवशी घोंगडी घडी करून घेऊन आल्या. हे घरी कुणाला सांगितले नव्हते. म्हाळूंना तर नाहीच. भाचीचे काम सुटत असेल तर लोकर काय, आणखीही दिले असते. घोंगडी त्यांनी टेबलावर ठेवली. तेवढ्यात प्रतिभा शिरूरच्या कॉलेजातून धावत आली, पूनम मॅडमनी तिला फोन केला होता. तिने लिहून द्यायचा कागद वाचला आणि परत ठेवला. म्हणाली, "आत्या, हे लिहून दिलं तर मेंढी जाईल, पण माझा तुकडा पण जाईल. कागदावर पुन्हा दोन रानं होतील. मी खोटं लिहून देणार नाही आणि तू घोंगडी देणार नाहीस. ऊठ."

आपण म्हणालात, "पोरी, एवढा हट्ट बरा नव्हे, एका किड्यासाठी."

अर्जदारांनी घोंगडी उचलली. त्या वाक्याचे उत्तर त्या आता देतात : "किड्यासाठी न्हाई साहेब. जे हाय ते हाय म्हणायसाठी."

१३. तेव्हापासून जावक नंबर अडवून ठेवलेला आहे. कारण विचारले तर मेंढीचे प्रकरण प्रलंबित. मेंढीचे प्रकरण कधी निघणार, तर पशूंच्या विभागाचा अभिप्राय आल्यावर. पशूंचा विभाग म्हणतो, झाडावर राहणारी मेंढी आमच्या यादीत नाही, कीटक कक्षालाच विचारा. कागद इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. वर्षभर हाच खेळ चालला असता तरी अर्जदारांची हरकत नव्हती. पण चार दिवसांपासून दुपारी आभाळ भरून येते. परवा पाटसकडून वारा सुटला, मातीचा वास आला, अर्जदार हातातले काम टाकून अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पाऊस आला नाही. शेतकऱ्याच्या बायकोने पाऊस आला नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, ही वेळ आपल्या कक्षाने आणली. त्या रात्री धड झोपल्या नाहीत. पत्रा वाजला की उठून बसतात.

१४. तयारी झालेली आहे. म्हाळूंचे नवे सुती धोतर दोनदा उकळून, वाळवून, बांधून ठेवले आहे. ते बाभळीखाली अंथरले जाईल, चारी कोपऱ्यांवर दगड. प्रतिभाने हातमोजे आणले आहेत, आणि डोक्याला घालायच्या कागदी टोप्या. म्हाळूंना टोपी घालून दाखवली, तर ते आरशात बघून बऱ्याच दिवसांनी बोलले, "आता खरा मेंढरागत दिसतोय." घरात सगळे हसले. अर्जदारही हसल्या. मग आत जाऊन त्यांनी डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चला दौंडला. अर्ज लिवायचाय."

१५. तरी मागणे असे :

(अ) "मेंढी" ही नोंद काढावी. काढायचे बटण नसेल तर शेऱ्यात लिहावे की ही मेंढी नसून तिची लोकर आहे, आणि लोकर ही घोंगडीची आहे. पेन आपल्याकडे आहे.

(आ) तिसरी नोटीस लेखी मागे घ्यावी, आणि तो कागद म्हाळू यांच्या नावाने पाठवावा, अर्जदारांच्या नावाने नको. तो पारावर वाचायचा आहे.

(इ) पहिल्या नमुन्यातला तो तुकडा रद्द करू नये. तो खरा की खोटा हे दुसरा नमुना सांगेल. खोटा निघाला तर प्रतिभा स्वतः खोडणार आहे, तसे तिने कबूल केले आहे.

(ई) नव्या नमुन्याचा जावक नंबर हा अर्ज मिळताच द्यावा. पोस्टाने नको. फोनवर सांगितला तरी चालेल, पूनम मॅडमकडे प्रतिभाचा फोन नंबर आहे.

१६. यातले काहीच झाले नाही तर काय, हेही सांगून ठेवते असे अर्जदार म्हणतात. नंबर आपल्या हातात आहे, फांदी आमच्या. वळीव पडला की त्या संध्याकाळी बाभूळ हलवली जाईल. भुंगेरे वेचले जातील, बर्फात ठेवले जातील, आणि प्रतिभा तो डबा मांडीवर घेऊन शिरूरला आपल्या दारात येऊन बसेल. बर्फ वितळेपर्यंत आपल्याला नंबर द्यायला वेळ असेल. नंतर नसेल. बर्फाचे पाणी आपल्या व्हरांड्यात सांडले तर ते कशाचे आहे, याची नोटीस कुणाला काढायची ते आपण ठरवावे.

त्यापेक्षा आपणच यावे. खुटबाव शिरूरहून काही परदेशात नाही. वळीव पडला की फोन करू. आपल्यासाठी घोंगडी अंथरलेली असेल, बाभळीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे नमुन्यात पुन्हा धागा जाणार नाही. आपण आम्हाला बसा म्हणाला नव्हता, पण आमच्या रानात आलेला माणूस उभा राहत नाही. चहा मिळेल. म्हाळू फांदी हलवतील. धोतरावर काय पडते ते आपण बसल्या जागेवरून, चष्मा लावून बघावे. भुंगेरे पडले तर भुंगेरे लिहावे. मेंढी पडली तर मेंढी लिहावी, त्यावर अर्जदार स्वतः सही करतील.

नम्रता होती तेवढी वापरून झालेली, आपली,

अनसाबाई म्हाळू टेळे
(सही)

ठिकाण : दौंड
दिनांक : १९ मे २०२४

हा अर्ज लिहून, दोनदा वाचून दाखवून, बाईंच्या सांगण्यावरून जिथे मवाळ झाला होता तिथे पुन्हा सरळ केला : नागसेन ओव्हाळ, दौंड.

सोबत :
१) तिन्ही नोटिसांच्या झेरॉक्स.
२) प्रतिभा यांचा अहवाल. शेऱ्याला लाल पेनने खूण केली आहे.
३) प्रतिभा यांचा हयातीचा दाखला.
४) मागच्या वर्षीचा मेलेला भुंगेरा, एक, काड्यापेटीत. पेटी उघडताना घाबरू नये, टोचत नाही.
५) घोंगडी जोडलेली नाही. ती साहेबांना बसायला ठेवली आहे.